उजवीकडचा

एनसीसी मी तत्त्वासाठी सोडली, असं मी तीसेक वर्षं सांगत आलो. ऐकणारे बदलत गेले, गोष्ट तीच राहिली. हॉस्टेलवर सांगितली, लग्नाआधी बायकोला सांगितली, इकडे व्हर्जिनियात आल्यावर मंडळाच्या कोजागरीला सांगितली आणि एकदा तर दिवाळी अंकात त्यावर लेखच लिहिला. लेखाचा सूर असा, की शंभर माणसं एकाच क्षणी एकच पाय उचलतात तेव्हा त्यातल्या नव्व्याण्णवांनी विचार करणं थांबवलेलं असतं आणि शंभरावा ते थांबवणारा असतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं. आधाराला आइन्स्टाइन होतेच. बँडच्या तालावर रांगेत चालण्यात ज्याला सुख वाटतं त्याला मेंदू चुकून दिला गेला, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. एवढा मोठा साक्षीदार मिळाल्यावर खटला कोण हरतो?

तो लेख आज मागे घ्यायचाय. पूर्ण नाही; त्यातलं काय ठेवतो तेही सांगेन. पण ज्या गोष्टीवर तो उभा होता ती मी अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी नानामामांनी माझ्याकडून काढून घेतली, तीही न विचारता.

सुरुवात सईपासून झाली. २०१७ मध्ये ती नववीत गेली आणि सप्टेंबरात एक कागद घेऊन घरी आली. शाळेतल्या जेआरओटीसीच्या ड्रिल टीममध्ये तिची निवड झाली होती, पालकांची सही हवी होती. जेआरओटीसी म्हणजे आपल्या ज्युनिअर एनसीसीचा अमेरिकन भाऊ. वयाने थोरला, कारण तो १९१६ च्या कायद्यातून जन्मला आणि आपली एनसीसी १९४८ ची. पुढे लष्करात जायलाच हवं असं बंधन नाही. पण गणवेश असतो, हुद्दे असतात आणि शिकवायला निवृत्त लष्करी माणसं असतात. ड्रिल टीम ही त्याच्याही पुढची पायरी. हातात रायफल. गोळी न सुटणारी, पण वजनाने हाताला जाणवणारी. आणि ती नुसती खांद्यावर घेऊन चालायचं नाही, तर फिरवायची, हवेत फेकायची, झेलायची.

सही करायला मी नऊ दिवस लावले. सईला माझा दिवाळी अंकातला लेख वाचून दाखवावा असंही मनात आलं, पण तिचं मराठी तेवढं नव्हतं आणि माझा धीरही. शेवटी बायको म्हणाली, "तुझी तत्त्वं तू सांभाळ. तिला तिचं काहीतरी करू दे." मी सही केली, मनातून नाही.

मग गॅरेजमध्ये सराव सुरू झाला. गाडी बाहेर काढायची, दिवा लावायचा आणि फिरवत बसायचं. रायफल काँक्रीटवर पडल्याचा आवाज जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात यायचा. पहिल्या महिन्यात मी तो मोजायचो. नंतर मोजायचा कंटाळा आला. तिचे अंगठे निळे पडले, गळ्याच्या हाडावर वळ उठले. एकदा न राहवून विचारलं, "हे सगळं कशासाठी गं?" तिला वाटलं मी कारण विचारतोय. म्हणाली, "पडू नये म्हणून, बाबा." या उत्तरात काही तत्त्वज्ञान आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मी वर जाऊन टीव्ही लावला.

पुढच्या मे महिन्यात आई आणि नानामामा तीन महिन्यांसाठी आले. मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटची काही वर्षं बेळगावच्या सेंटरला रंगरुटांना कवायत शिकवायचे, म्हणजे लष्करी भाषेत 'उस्ताद'. गाव सातारा जिल्ह्यातलं. ज्या गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलेलं आहे त्या अपशिंग्याहून फार लांब नाही. आमच्या आजोळी पोरगं चालायला लागलं की घरचे त्याची छाती मोजत, असं आई गमतीने म्हणते. लाईट इन्फंट्रीची चाल इतर पायदळापेक्षा जलद, आणि ती मामांच्या पायांतून वयाच्या शहात्तराव्या वर्षीही गेली नव्हती. मॉलमध्ये आई मागे राहायची, मामा पुढच्या दुकानाशी जाऊन विश्राममध्ये उभे.

लहानपणी मला मामांची भीती वाटायची. एनसीसी सोडल्यावर तर मी त्यांच्यासमोर हा विषयच काढला नव्हता. त्यांनीही कधी विचारलं नाही, आणि ते मला सोयीचं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये सईला पाहिलं. ती रायफल पंख्यासारखी फिरवत होती. मामा दारात उभे राहिले, कपाळाला आठी.

"रायफल हाय का लेझीम?"

सईने विचारलं, "आजोबा, लेझीम म्हणजे?"

मामांनी मग हवेत लेझीम धरून चार हात करून दाखवले. सई खूश. पण मामांचं मत बदललं नाही. रात्री जेवताना म्हणाले, ही कवायत नव्हे, ही सर्कस. हत्यार फेकायचं नसतं. आमच्याकडं हत्यार हातातून सुटलं तर माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नव्हती.

त्या वाक्यावर माझा घास थोडा अडकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाहुण्यांना दाखवायच्या आमच्या ठरलेल्या यादीत आर्लिंग्टनचं राष्ट्रीय स्मशान असतं. तिथे अनाम सैनिकाची समाधी आहे. १९३७ पासून तिच्यावर दिवसाचे चोवीस तास पहारा आहे. पाऊस असो, बर्फ असो, रात्री बघायला कुणी नसो. पहारेकरी काळ्या पट्टीवरून एकवीस पावलं जातो, समाधीकडे वळून एकवीस सेकंद थांबतो, पुन्हा वळतो, पुन्हा एकवीस सेकंद, आणि परत एकवीस पावलं. हातमोजे पाण्याने ओले केलेले असतात, म्हणजे रायफलचं लाकूड निसटत नाही. अंगावर हुद्द्याची फीत नसते. आत झोपलेल्या माणसाचा हुद्दा कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा आपला त्याच्यावर चढू नये म्हणून. ही सगळी माहिती मी आजवर निदान डझनभर पाहुण्यांना सांगितली असेल. मामांनी ती ऐकूनच घेतली नाही. ते पाहत होते. चार फेऱ्या झाल्यावर हळूच म्हणाले, "बगितलंस का? दरवेळी खांदा बदलतोय."

मी डझनभर वेळा पाहिलं होतं आणि हे पाहिलं नव्हतं. पहारेकरी दिशा बदलतो तशी रायफलही दुसऱ्या खांद्यावर घेतो. ती कायम समाधीपासून दूरच्या खांद्यावर असते, लोकांच्या बाजूला. हत्यार आणि झोपलेला माणूस यांच्यामध्ये पहारेकऱ्याचं स्वतःचं अंग. मामा म्हणाले, "हत्यार कुनाच्या अंगाला हाय, ते आधी बगायचं. बाकी सगळं मागनं." आणि आइस्क्रीम कुठे मिळतं ते विचारलं.

तिथून चारेक दिवसांनी शुक्रवार होता. मरीन कोअरच्या वॉशिंग्टनमधल्या बराकीत उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी संचलन असतं. प्रवेश फुकट, जागा आधी राखून ठेवावी लागते. सईने तीन आठवडे आधीच ठेवली होती. आठवा रस्ता आणि 'आय' रस्ता जिथे मिळतात तिथे ही बराक आहे, म्हणून तिला सगळे 'एट्थ अँड आय' म्हणतात. १८०१ पासूनची जागा. विटांच्या जुन्या इमारतींमध्ये लांबट हिरवळ. आधी बँड. हा बँड १७९८ चा, म्हणजे आपल्याकडे नाना फडणवीस हयात होते तेव्हाचा. मग बुलडॉग जातीचा एक कुत्रा गणवेश घालून येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

आणि मग सायलेंट ड्रिल प्लॅटून.

चोवीस जवान. निळे कोट, पांढऱ्या पँटी, पांढरे हातमोजे. हातात एम-वन गॅरंड, दुसऱ्या महायुद्धातली रायफल, टोकाला संगीन लावलेली. संगिनीसकट वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. १९४८ मध्ये या पथकाने पहिल्यांदा अशी कवायत करून दाखवली आणि तेव्हापासून ती चालू आहे. तिचं नावच तिचा नियम सांगतं. हुकूम नाही. आकडे मोजणं नाही. बँड गप्प. सुरुवात झाली की शेवटपर्यंत कुणीही तोंडातून शब्द काढत नाही.

मी कवायतीचा विरोधक असूनही कवायतीचे व्हिडिओ पाहत आलो होतो, दारूबंदीवाला बाटल्यांची नावं पाठ करतो तसा. पण पडद्यावर आवाज नीट ऐकू येत नाही. प्रत्यक्षात तिथे शांतता नव्हतीच. चोवीस तळवे एकदम लाकडावर पडतात तो आवाज. टाचा. स्लिंगची चामडी पट्टी ताणली जाते तो बारीक कडकडाट. रायफल हवेतून फिरते तिचा वारा. एक हालचाल रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. शेतातल्या जोंधळ्यावरून झुळूक जावी तशी, आणि प्रत्येकाने आपली पाळी शेजाऱ्याच्या नंतर नेमकी उचललेली. मान कुणाची वळत नाही. समोर बघत, कडेला काय चाललंय ते डोळ्याच्या कोपऱ्याने आणि कानाने टिपायचं.

मामा पुढे झुकले होते. ओठ हलत होते. ते मोजत होते: एक, दो-तीन, एक. आपल्या कवायतीची ती जुनी मोजणी. हालचाल, मग थांबण्याचे दोन ठोके, मग हालचाल. त्यांच्या मोजणीत ही अमेरिकन पोरं बसत नव्हती तरी ते मोजत होते. मग निरीक्षण आलं. लांब रांगेसमोरून निरीक्षक चालत येतो, एकासमोर थांबतो, त्याची रायफल घेतो, गरागरा फिरवतो आणि त्याच्याकडे परत फेकतो. समोरचा पापणी न हलवता झेलतो. संगीन मधल्या हवेत दोघांच्या तोंडांमधून फिरून गेलेली असते.

मामांनी माझं मनगट धरलं. "ह्यांला हुकूम देनारा कुटं हाय?"

"नाही मामा, हुकूम नसतोच."

"मग कुनाचं ऐकत्यात?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने दिलं. "शेजारच्याचं. हुकूमवाला असला तरी लांबच आसतोय रं. संगीन शेजारच्याच्या कानापाशी आसती."

माझ्या त्या लाडक्या वाक्यातला शंभरावा माणूस समोरच्या हिरवळीवर कुठे होता? मी त्याला शोधत होतो. माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा होता, की नेमकेपणा वरून येतो, खालचे फक्त झेलतात. इथे वरचा तोंड मिटून होता आणि नेमकेपणा तसाच होता, किंबहुना जास्त. विचार थांबवलेल्या माणसाला हे जमणार नाही. चाकात फिरणाऱ्या उंदराला जमेल, पण त्याच्या शेजारी दुसरा उंदीर संगीन फिरवत नसतो.

पुढे मी थोडं वाचन केलं. एकदा हरलेला वकील करतो तसं. युरोपात आधुनिक कवायतीचा पाया घातला तो १५९० च्या दशकात नेदरलँड्सच्या मॉरिस ऑफ नासाऊने आणि त्याच्या चुलतभावांनी. त्या काळची मस्केट म्हणजे तोड्याची बंदूक. सैनिकाच्या डाव्या हातात पेटता तोडा, बहुधा दोन्ही टोकांनी पेटलेला. छातीवरच्या पट्ट्याला दारूच्या डझनभर कुप्या. आणि खांद्याला खांदा लावून तसाच दुसरा, त्याच्याही हातात विस्तव, त्याच्याही छातीवर दारू. एकाने कुपी उघडताना शेजाऱ्याने तोडा फुंकला तर काय होईल हे सांगायला नको. १६०७ मध्ये जेकब द गेन या चित्रकाराने या कवायतीचं पुस्तक काढलं. ११७ चित्रं, त्यातली ४३ एकट्या मस्केटची. बंदूक भरण्यापासून उडवण्यापर्यंतची क्रिया इतक्या तुकड्यांत तोडलेली की आधी मला हसू आलं. माणसाला यंत्र करण्याची कृती वाटली. पुन्हा एकेक चित्र पाहिलं. तोडा कुठल्या बोटांत, दारू ओतताना तो हात किती लांब, फुंकर कधी. सगळ्या चित्रांत विस्तव दारूपासून दूर ठेवायची धडपड आहे. भराभर आणि एकदम गोळ्या झाडता याव्यात हा हेतू होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने ती आपला शेजारी आपल्यामुळे पेटू नये याची तालीम होती. सई म्हणाली होती तेच, पडू नये म्हणून.

अमेरिकेचा कवायतीचा पहिला उस्ताद प्रशियाचा होता, बॅरन फॉन श्टॉयबेन. फेब्रुवारी १७७८ मध्ये तो व्हॅली फोर्जच्या छावणीत आला. वॉशिंग्टनचं सैन्य थंडीने आणि उपासमारीने खंगलेलं. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. शिव्या तो आपल्या भाषेत द्यायचा आणि दुभाष्याला सांगायचा की आता तू तुझ्या भाषेत दे. शंभरेक जणांची एक तुकडी त्याने आधी स्वतः घडवली आणि तिच्याकडून बाकीच्यांना शिकवून घेतलं. त्याने एका पत्रात तक्रारीच्या सुरात लिहिलंय, की युरोपात सैनिकाला अमुक कर म्हटलं की तो करतो, इथे आधी का करायचं ते समजावून सांगावं लागतं. त्याने ते सांगितलं, हे विशेष.

आणखी एक साक्षीदार इतिहासकार विल्यम मॅकनील. १९४१ मध्ये त्यांना सैन्यात भरती केलं, टेक्सासमध्ये पाठवलं. शिकायला पुरेशा तोफा नव्हत्या, म्हणून वेळ घालवायला या तरुणांना उन्हात तासन्‌तास चालवलं. मॅकनील म्हणतात, याहून निरर्थक काही असू शकत नाही हे कळत असूनही त्यात मन विचित्र फुलून यायचं, आपण आपल्यापेक्षा मोठे झाल्यासारखं वाटायचं. ते सुख त्यांच्या डोक्यात पन्नासहून जास्त वर्षं राहिलं आणि १९९५ मध्ये त्यांनी त्यावर 'कीपिंग टुगेदर इन टाइम' हे पुस्तक लिहिलं. नाच, कवायत, एकत्र केलेली मेहनत, यांतून अंगाला अंगाची ओळख कशी पटते, याचं ते पुस्तक. आइन्स्टाइनना मेंदूत जी जागा रिकामी वाटली तिथेच मॅकनीलना काहीतरी भरलेलं सापडलं. पावलीत, लेझमीत, गणपतीच्या ढोलपथकात जे उभे राहिलेत त्यांना हे पुस्तकातून कळायची गरज नाही. मीही शाळेत लेझीम खेळलोय. ते सुख मला ठाऊक होतं. लेख लिहिताना मी ते सोयीस्कर विसरलो.

आता जे ठेवतो ते. न्यूरेंबर्गच्या मैदानावर १९३० च्या दशकात जे चालले तेही शेजाऱ्याची पावलं ऐकतच चालले होते. शेजाऱ्याला सोडायचं नाही ही सवय अंगात मुरली, की सोडून जायला हवं त्या दिवशीही पाय उचलत नाही. शाळेतल्या पोरांना गणवेश घालून लष्कर आपली भरतीची वाट सोपी करतं, ही शंकाही माझ्या मनात अजून आहे. सईशी यावरून वाद होतो, आणि ती चांगला वाद घालते. कवायतीमुळे तिचा मेंदू थांबलेला मला तरी दिसला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी रात्री गाडीत मागे आई आणि सई झोपल्या होत्या. चौदाव्या रस्त्याच्या पुलावर वाहतूक अडकली. मामा शेजारी बसलेले. आणि मी, का ते आजही सांगता येणार नाही, गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगून टाकला.

२६ जानेवारी १९८५. जिल्ह्याच्या ठिकाणचं मैदान. वीस दिवस सराव झालेला. हातात थ्री-नॉट-थ्रीच्या डीपी रायफली, कवायतीपुरत्या, गोळीसाठी बाद केलेल्या. बूट चेरी ब्लॉसमने, बक्कल ब्रासोने लखलखीत. मी पुढच्या ओळीत. सलामी झाली, पाहुणे बसले. माझं लक्ष आमच्या डावीकडे उभ्या असलेल्या मुलींच्या पलटणीत होतं, तिथली एक मला बघतेय की नाही याच्यात. 'बाजू शस्त्र' हुकूम आला. रायफल हाताने खाली न्यायची आणि बट आपल्या उजव्या बुटाच्या टोकाशी अलगद टेकवायचा, एवढंच. मी हात अर्ध्यात सोडला. रायफल उजवीकडे कलंडली आणि बटाच्या धातूच्या पट्टीची कड माझ्या उजवीकडच्या पोराच्या डाव्या पायावर बसली. मी ती झटकन सावरली. बाहेरून कुणाला फारसं दिसलंही नसेल.

तो हलला नाही. मी पाहिलं, फक्त त्याच्या गालाचा स्नायू हलला. राष्ट्रगीत झालं. तो सावधान उभा. मग तेज चाल. मिनिटाला १२० पावलं, तीस इंचांचं पाऊल, आणि डावी टाच जोरात मारायची. मैदानाला पुरी फेरी. नंतर पुरी-भाजीच्या रांगेशेजारी त्याने बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. अंगठ्याचं नख उखडलेलं, पायाचं हाड चिरलेलं. उस्ताद ओरडत आले. त्याने सांगितलं, माझीच रायफल निसटली. मी दोन हातांवर उभा होतो, हातात पुरीची प्लेट. मी काही बोललो नाही. उस्तादांनी जखमी पोराला सगळ्यांसमोर झापलं. दीड महिना त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, सी सर्टिफिकेटची परीक्षा हुकली. मी त्याला भेटायला गेलो नाही. फेब्रुवारीत मी एनसीसी सोडली आणि मार्चमध्ये मला तत्त्व सापडलं.

मामा बराच वेळ गप्प. पुढची गाडी थोडी सरकली, मी सरकवली. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"डाव्या पायावर म्हनलास न्हवं?"

"हो."

"मग मार्चपास्टला त्यानं..." असं म्हणून ते थांबले आणि खिडकीबाहेर नदीकडे पाहू लागले. घर येईपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

त्यानंतर आठवडाभर मामा माझ्याशी रोजच्यासारखे वागले. चहा, बातम्या, हिरवळ कापायचं यंत्र, अमेरिकेतली भाजी किती बेचव. सईचं फिरवणं ते आता बसून बघायचे. खुर्ची गॅरेजच्या दारात. एक गोष्ट त्यांनी तिला शिकवली, फेकायच्या आधी आपल्या दोन्ही बाजूंना किती जागा आहे हे मान न वळवता सांगायची. ती सांगायची, मग ते उठून हाताने मापायचे. लेझीम हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

एका रविवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेलो तर दोघं तिथेच. मामांनी सईच्या हातातून रायफल घेतली आणि माझ्यासमोर आडवी धरली.

"मामा, आता कुठे..."

"घे."

घेतली. हाताला आठवण होती हे मला माहीत नव्हतं. बोटं आपसूक जागेवर गेली. नंतर कळलं, चुकीच्या जागेवर, कारण ही थ्री-नॉट-थ्री नव्हती. सईने हसू दाबलं. मामांनी माझे खांदे सरळ केले, टाचा जुळवायला लावल्या, पोट आत घ्यायला सांगितलं, त्याचा उपयोग झाला नाही. रायफल माझ्या उजव्या अंगाशी उभी धरवली.

मग ते माझ्या उजवीकडे आले आणि माझ्याच रांगेत उभे राहिले. सावधान. नजर समोर, गॅरेजच्या भिंतीवर, जिथे सईची जुनी सायकल टांगलेली आहे. मी डोळ्याच्या कोपऱ्याने खाली पाहिलं. त्यांच्या पायांत अंगठ्याच्या चपला होत्या. डावा पाय माझ्या बुटापासून वीतभर.

"मामा, बूट तरी घालून या."

"नजर सामने."

सई मागे सरकली. मामांनी श्वास घेतला आणि शहात्तर वर्षांच्या गळ्यातून तो आवाज काढला, जो बेळगावच्या मैदानावर दुसऱ्या टोकाला जात असणार. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकू लागला.

"बाजूऽऽ शस्त्र!"

एक. दो-तीन. एक. हात खाली जाताना मी त्यांच्या पायाचा अंगठा सोडून दुसरं काही पाहत नव्हतो, आणि ते भिंतीवरच्या सायकलीकडे पाहत होते. बट काँक्रीटला टेकला, तेव्हा आवाज झाला नाही.

"परत," मामा म्हणाले.